पडद्यावरचा पतंग

आमच्या घरात माय-लेक दोघंही हट्टी, मधल्यामध्ये मरण माझं.

सासूबाई शाळेचे गणवेश शिवतात. आताशा त्यांना नीट दिसत नाही. सुई बोटात घुसली तेव्हा नवऱ्यानं सुनावलं, "आई, नजर गेली असेल तर मशीन विकून टाकतो."

"माझी नजर ठणठणीत आहे! आणि मशीन गेलं तर मी काय दिवसभर भिंतीकडे बघत बसू?"

तेव्हापासून त्याच्या नकळत मशीनची सुई मी ओवून देते. काज-बटणांच्या सुयाही ओवून, गाठी मारून, मशीनजवळच्या खिडकीच्या पडद्याच्या मागच्या बाजूला टोचून ठेवते. सासूबाई चाचपून एकेक काढतात. लपवाछपवीचा मला मनस्वी तिटकारा, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवत नाही.

आज सकाळी मशीनच्या वर भिंतीवर एक पतंग बसला होता. फुलपाखराचा थोराड भाऊच, तळहाताएवढा, तपकिरी. रात्रभर दिव्याभोवती धिंगाणा घालायचा आणि दिवसा लोकांच्या भिंतीवर झोपा काढायच्या, असली ही जात.

"आई, भिंतीवर कोण आलंय बघ!" नवरा कौतुकानं म्हणाला.

सासूबाईंनी मान वर केली. "तो होय? ओलीचा डाग आहे. पाईप गळतोय म्हणून केव्हाची सांगतेय."

"हो ना, प्लंबरला सांगायचंय," मी घाईघाईनं म्हटलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"पटत नाही? हात लावून दाखवते." त्यांनी डागावर हात टेकला आणि पतंग फडफडत उडाला. त्या दचकून मागे सरल्या. बोटांना लागलेली त्याच्या पंखांची भुकटी चोळत थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गुपचूप मशीनवर झाकण घातलं.

"ने बाबा," त्या म्हणाल्या. "पण हिला बोलू नकोस. हिला यातलं काही माहीत नव्हतं."

पतंग पडद्यावर जाऊन बसला होता. त्याला बाहेर घालवायला नवऱ्यानं पडदा उचलला. मागे माझ्या सुया ओळीनं टोचलेल्या, सगळ्या ओवलेल्या.

"तुझी शपथ," सासूबाई म्हणाल्या. "हिला काही माहीत नव्हतं."

मला रडू फुटलं. नवऱ्यानं पडदा हळूच सोडला. "बरं," एवढंच म्हणाला.

दुपारी मशीन गेलं. सासूबाई तिथेच खुर्चीवर बसून आहेत, भिंतीकडे बघत. पतंग पुन्हा भिंतीवर त्याच जागी येऊन बसलाय. मी त्यांना सांगितलेलं नाही.