तिकडचा दिवस लहान

“तुझ्या दिराला तिकडे सूर्य पुरायचा नाही,” असं नसीम म्हणाली होती आणि मी हसले होते.

नसीम जुन्नरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. पुण्याला आम्ही एका कॉलेजात होतो. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा अख्ख्या गावात ओळखीची अशी ती एकटीच. त्या दिवशी मी बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होते. ती म्हणाली, “अगं, ॲबर्डीन म्हणजे पार वर. थंडीत तिथे साडेतीनला सूर्य बुडतो. आणि तुमचे केवलभाऊजी सूर्य बुडल्यावर पाणीसुद्धा पिणार नाहीत म्हणे. आमचा रोजा तरी महिन्याचा, आणि आजाऱ्याला तोही माफ.”

“मग उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो ना? तेव्हा बसतील चरत.”

तीही हसली. विषय तिथेच राहिला, कारण त्या आठवड्यात आमच्या घरात सूर्याची काळजी करायला कुणाला सवड नव्हती. वाद चालला होता तो बटाट्याचा.

आमचं घर जैन व्यापाऱ्याचं. सासरे खेमचंदजी, त्यांची कांदा-बटाट्याची आडत. मंचर-घोडेगावकडचा बटाटा आमच्या वखारीत येतो, स्वयंपाकघरात मात्र कधी येत नाही. जमिनीखालचं आम्ही खात नाही. केवलभाऊजी घरातले धाकटे. बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाले आणि विलायतेतल्या दोन विद्यापीठांनी त्यांना घ्यायचं कबूल केलं. एक लंडनचं, तिथे रंगांचं रसायनशास्त्र. लंडनला सासऱ्यांच्या ओळखीचं एक मारवाडी घर होतं, म्हणजे राहणं-जेवण घरच्यासारखं. दुसरं ॲबर्डीनचं, स्कॉटलंडच्या टोकाला. तिथे पिकांच्या रोगांचा अभ्यास, त्यातही बटाट्यावरच्या करप्याचा. आणि ओळखीचं म्हणाल तर तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं.

भाऊजींना ॲबर्डीनच हवं होतं. त्याआधीच्या साली करप्यानं घोडेगावकडची शेतंच्या शेतं बसली, तेव्हा ते गेणभाऊंच्या बांधावर उभे होते. गेणभाऊ आमच्याकडे वर्षानुवर्षं माल घालणारे. ते म्हणाले होते, “शेठ, सांजच्याला हिरवं व्हतं, सकाळी बघतो तर काळं. तुमी एवढं लई शिकला, आता तुमीच सांगा काय झालं ते.” भाऊजींना सांगता आलं नव्हतं. त्याची त्यांना फार लाज वाटली होती.

सासूबाई, म्हणजे गुलाबबाई, घरात सगळ्यांच्याच ‘बाई’, ऐकायला तयार नव्हत्या. “जे तोंडात घालायचं न्हाई, ते शिकायला सात समुद्रापार?”

“बाई, खात नाही, पण विकतो ना आपण? तेवढ्यापुरतंच शिकतो.”

“लंडनला जा. रंग शीक. रंगाला काय कीड लागत न्हाई.”

“म्हणूनच तर नको.”

सासरे गालातल्या गालात हसले आणि माझ्याकडे वळले. “सूनबाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं काय मत?” मी म्हटलं, मन लागेल ते शिकावं. जेवणाची सोय बघून का कुणी विद्यापीठ निवडतं?

सासूबाई वाकल्या, पण अट घालून. चातुर्मासासाठी महासतीजी, आमच्या साध्वी, गावात होत्या. त्यांच्यासमोर हात जोडून भाऊजींनी नियम घेतला: सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, आणि कंदमूळ कधीच नाही. इथे आम्ही सगळेच तो पाळतो, दिवे लागायच्या आत चूल निजते. त्यामुळे त्यात कुणालाच काही अवघड दिसलं नाही.

पण सासूबाईंचं तेवढ्यानं भागलं नाही. एस.टी. सुटायच्या वेळी त्यांनी भाऊजींचा हात धरला आणि माझ्या कडेवरच्या बाळाकडे ओढला. “ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, काय बी झालं तरी मोडणार न्हाई.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. बाळ त्यांच्या कोटाचं बटण तोंडात घालायला बघत होतं. कंडक्टर ओरडला, “ओ पावणं, चला की! का विलायतच इकडं बोलावू?” लोक हसले. त्या घाईत भाऊजींनी हात ठेवला, “नाही मोडणार,” म्हणाले आणि चढले.

पहिला हिवाळा पत्रांत बरा गेला. गाव दगडी आहे, समुद्र करडा आहे, वारा मफलर पळवून नेतो, असं ते लिहायचे. खाण्याचं विचारलं की म्हणायचे, दूध-पाव मुबलक.

यंदा दिवाळीनंतर पुण्याचे एक डॉक्टर आमच्याकडे आले. तिकडच्या इस्पितळात काम करून नुकतेच परतले होते. सासूबाईंना म्हणाले, “मुलगा उत्तम आहे. सगळे नावाजतात.” पण बोलताना ते त्यांच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते. मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले.

“डॉक्टर, खरं काय ते मला सांगा.”

ते थांबले. “वहिनी, गेल्या थंडीत तो प्रयोगशाळेत दोनदा चक्कर येऊन पडला. काम सुटतं तेव्हा बाहेर काळोख. दुपारी सगळ्यांच्या ताटात मांस आणि बटाटा, हा नुसता पाव खातो. इस्पितळात ठेवलं तर रात्रीचं दूध त्यानं परत पाठवलं, पाणीही घेईना. मी रागावलो. तर म्हणतो, माझ्या जिवावर घेतलेली शपथ असती तर मोडली असती, दुसऱ्याच्या जिवावर आहे. उन्हाळ्यात जरा सावरला. आता पुन्हा दिवस लहान व्हायला लागलेत, आणि खोकला काही जात नाही.”

मी आत आले. बाळ धान्याची चाळणी डोक्यावर घालून एकटंच हसत होतं. सासूबाई डाळ निवडत होत्या. डॉक्टर जे बोलले ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांचा हात सुपातच राहिला.

यंदाचा चातुर्मास दुसऱ्या गावी करून महासतीजी पायी निघाल्या होत्या आणि घोडेगावात मुक्कामाला होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघी बाळाला घेऊन गेलो. महासतीजींनी सगळं ऐकून घेतलं.

“आजारपणात मोकळीक असते,” त्या म्हणाल्या. “नियम देतानाच मी ते बोलले होते. मग तो उपाशी का राहतो?”

“वरून मी शपथ घातली,” सासूबाई खाली बघत म्हणाल्या. “ह्या लेकराच्या डोक्यावर.”

“ती काही मी दिली नाही, बाई. मी कशी सोडवू? लेकराच्या आईला विचारा.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. या घरात आल्यापासून त्यांनी मला सांगितलं होतं, बजावलं होतं, पण मागितलं असं काही नव्हतं. बाळ खांद्यावर झोपलं होतं. वाटेतल्या धुळीनं त्याला खोकला झाला होता आणि अंग कोमट लागत होतं. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई. शपथेनं मूल मरत नाही, हे मी कुणालाही पटवून देईन. तरी माझा हात आधी त्याच्या कपाळावर गेला, तोंड नंतर उघडलं.

“सुटली, बाई. मी सोडवली.”

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि तिथेच बसल्या.

त्याच दिवशी तार केली, मागोमाग पत्र घातलं. महासतीजी काय म्हणाल्या, सासूबाई काय म्हणतात, मी काय म्हणते, सगळं लिहिलं. उत्तर आलं ते मलाच होतं. “वहिनी, तुम्ही माझ्यासाठी काहीही लिहाल. लिहिताना तुम्ही मधेच उठून बाळाला बघून आला असणार, हे मला इथून दिसतं. म्हणूनच मला ते घेता येत नाही. थोडेच महिने राहिलेत. बाळाची दृष्ट काढत जा.”

त्यानंतर काही नाही. मी लिहितेच आहे. विद्यापीठालाही इंग्रजीतून लिहिलं. अजून कुणाचं उत्तर नाही. गेणभाऊ वखारीत विचारतात, “धाकलं शेठ कवा येनार?” सासरे म्हणतात, “उन्हाळ्यात,” आणि तराजूकडे वळतात. नसीम रोज शाळा सुटल्यावर येते. तेव्हाचं सूर्याचं बोलणं एका शब्दानं काढत नाही. परवा मात्र म्हणाली, “तू सोडवलीस ना शपथ? मग बाळाच्या कपाळाला सारखा हात का लावतेस?” आता पौष लागलाय. तिकडे याहून लहान दिवस नसतो म्हणतात.

मी हे लिहिते आहे ते यासाठी. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा, शेजारी तिकडे असेल, ॲबर्डीनला किंवा रेल्वेनं जाता येईल अशा कुठल्याही गावी, तर त्याला कळवा. केवलचंद खेमचंद, जुन्नरचे, उंच, डाव्या भुवईवर व्रण. अंधार पडल्यावर जा म्हणावं, कारण दिवसाउजेडी ते चार थट्टा करून तुम्हाला वाटेला लावतील. गरम काहीतरी बरोबर न्या. त्यांना सांगा, बाळाला आम्ही डोळ्यांनी बघून आलो, गुबगुबीत आहे, पळतं, ‘काका’ म्हणतं. बघितलं नसलं तरी तसंच सांगा. ते माझ्या पत्रावर विश्वास ठेवत नाहीत, परक्या माणसाच्या तोंडावर कदाचित ठेवतील. पहिला घास गिळेपर्यंत समोरून उठू नका. आणि ते आपल्या खोलीवर भेटले नाहीत, तर कुठे गेले ते शेजारी विचारा, आणि काय असेल ते कळवा. सासूबाईंना नको. मला कळवा.