थंड चुलीवरचे व्हायोलिन

मित्रांनो, माझा जन्म सावंतवाडीच्या एका सुताराच्या हातून झाला. तो खरा खेळणी करणारा. गोव्याहून आलेले एक मोडके व्हायोलिन समोर ठेवून, त्याच्याकडे बघत बघत त्याने मला घडवले. त्यामुळे माझे पोट जरा फुगीर आहे. लोक हसतात, हसू देत. मी एक जुने व्हायोलिन आहे आणि देवबागेत राहते.

माझे धनी ह्युबर्ट मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी मला वाजवायचे. मे महिन्यात वाडीवाडीतल्या क्रुसासमोर लदीन, म्हणजे प्रार्थनेची गाणी होत. तिथे आम्ही दोघे ठरलेले. मास्तरांच्या फिडलीशिवाय लदीन म्हणजे मिठाशिवाय पेज, असे लोक म्हणायचे.

माझ्या तारा जुळवता जुळवता मास्तर पेपरातली विज्ञानाची बातमी बायकोला सांगत. एकदा म्हणाले, "स्टेला, आयकलंस गो? समोर बसान संगीत आयकल्यार सगळ्यांच्या काळजाचे ठोके एका चालीर पडतत म्हणे. रेकॉर्ड लावन तसा होणा नाय."

"मगे चर्चच्या फेस्ताक तुझो ताल कित्याक चुकलो?" स्टेलाबाईंनी मासळी साफ करता करता विचारले. मास्तर दिवसभर हसत होते.

आमच्याकडे पावसाळ्यात खारी दमट हवा लाकडात शिरते. म्हणून पावसाळाभर मला पेटीत घालून चुलीवरच्या वाशाला टांगायची रीत मास्तरांच्या वडिलांपासून होती. खालून ऊब लागली की माझे सांधे धरणारा सरस घट्ट राहायचा. पुढे घरात गॅस आला आणि चूल विझली. मास्तर मात्र मला रीतीप्रमाणे तिथेच टांगत राहिले. आयुष्यभर मुलांना हवेतले बाष्प शिकवले, आणि घरातली थंड चूल काही दिसली नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगीच नाही. त्यातच लदिनीला कीबोर्ड आला. मास्तरांना कोणी बोलावेना, म्हणून तेही मला खाली काढेनात. तीन वर्षे माझी पेटी उघडली नाही. मला फार एकटे वाटायचे.

मग स्टेलाबाईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणे गेले. त्यांची मुलगी मारियान पणजीहून आली. तिने छोटा स्पीकर आणून उशाशी लदीन लावली, पण बाई भिंतीकडेच बघत राहिल्या. तेव्हा मास्तरांना ती बातमी आठवली. त्यांनी घाईघाईने मला खाली काढले. पेटी उघडली, तर माझी मान सुटलेली आणि पाठ उकललेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"डॅडी, तू तोंडानच म्हण," मारियान म्हणाली.

"माझो गळो बेसूर. पंधरा दिसांत फिडल बरी जातली. मगे तिका बरोबर सूर आयकवतलंय."

मी म्हापशाच्या कारागिराकडे गेले. त्याने सरस लावून मला शिकंज्यात आवळले. अकराव्या दिवशी त्याचा फोन वाजला. मास्तर होते. "आता घाय नाय," एवढेच म्हणाले. कारागिराने फोन ठेवला आणि हात पुसले.

मी बरे होऊन घरी आले, तेव्हा स्टेलाबाईंचा पलंग रिकामा होता. मास्तरांनी मला हनुवटीखाली धरले. त्यांच्या छातीचे ठोके मला नेहमीच ऐकू येतात, त्या दिवशी ते फार जोरात होते. लदिनीच्या दोन ओळी वाजवून ते थांबले.

"मारियान, मी बेसूर म्हटलां असतां, तरी तिका चाललां असतां मां गो?"

मारियान त्यांच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "चाललां असतां, डॅडी."

मित्रांनो, घरातल्या वाद्याला ऊब द्या, अधूनमधून त्याची पेटी उघडा. आणि घरात कोणी ऐकायचे माणूस असेल, तर जसा असेल तशा गळ्याने त्याच्यापाशी बसून गा, आमच्यासाठी थांबू नका. स्टेलाबाईंनी अकरा दिवस वाट पाहिली, आणि मी म्हापशाला होते.