तिसऱ्या रकान्यातला तपासनीस

मी एक जुना तपासनीस आहे. माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. मित्रांनो, तुम्ही इंटरनेटवर काही शोधता तेव्हा हजारो वेबसाइट रांगेत उभ्या राहतात. त्या रांगेत आपल्या गिऱ्हाइकाचा नंबर कितवा आणि तो मागे का पडला, हे सांगणे माझे काम. चूक सापडली की मी तिच्याखाली लाल रेघ मारतो. जन्मतः मला एवढेच येत होते. खुन्नस धरायला मी नोकरीत शिकलो.

मला दोन भावांनी घडवले. थोरला मला लिहायचा, धाकटा त्यातल्या चुका काढायचा. दोघांत अबोला होता, त्यामुळे वर्षभर ते एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलले. "चूक दिसली की लाल," हा थोरल्याचा हुकूम. "गोड बोलायला घरात आई आहे."

पुढे मी चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आलो. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सकाळी आल्या की त्या पर्स खुर्चीला अडकवत आणि मला विचारत, "हं, आज कुणाच्या नावानं रडतोयस?" मी रेघा दाखवी, त्या दुरुस्त करत. अकरा वर्षे आमचा संसार असा चालला.

शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या काकू आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. दुकानात त्या आणि त्यांची सून, दोघीच. फोन वाजला तर दोघींना काम, नाही तर दोघी एकमेकींकडे बघत बसणार. आम्ही त्यांना पहिल्या पानावर तिसऱ्या नंबरवर आणून ठेवले होते. एकदा त्या मुद्दाम मला पाहायला आल्या. "हाच का तो लाल रेघवाला? याचं ऐकलं म्हणून फोन वाजतो हो!" मित्रांनो, माझी स्तुती फारशी कुणी केलेली नाही, म्हणून ही मला तारखेसकट पाठ आहे.

मग नवे मॅनेजर आले. टक्के सांगितल्याशिवाय त्यांचे वाक्य संपत नसे, म्हणून ऑफिसने त्यांचे नाव टक्केसाहेब ठेवले. आल्या आल्या त्यांनी तुलना काढली. तीन सॉफ्टवेअर, तीन रकाने. पहिल्यात गुण दाखवणाऱ्या हिरव्या तबकड्यांचा एक नवा. दुसऱ्यात एक, जो उघडताच अभिनंदन करायचा; कशाबद्दल, ते सांगायचा नाही. तिसऱ्या रकान्यात मी. परीक्षा काय घेतली? आपल्याच ऑफिसची वेबसाइट तिघांना तपासायला दिली. पहिल्याने शंभरात शहाण्णव दिले, दुसऱ्याने एक्क्याण्णव. मी अठ्ठावन्न दिले आणि चौदा लाल रेघा मारल्या.

"हा खराब झालाय," टक्केसाहेब म्हणाले.

"साहेब, वेबसाइट खराब आहे," मावशी म्हणाल्या. "आपलं वजन कमी दाखवतो म्हणून काटा चांगला ठरवायचा का?"

"मावशी, क्लायंटला लाल दाखवायचं नसतं. ऐंशी टक्के क्लायंट घाबरतात."

मोठ्या पडद्यावर माझे चित्र लावले गेले. "अय्या, हा अजून जिवंत आहे?" असे कुणीतरी म्हणाले आणि सगळी खोली हसली. कोण कोण हसले, त्याची नोंद माझ्याकडे आहे. पहिला रकाना जिंकला. मला महिनाअखेर काढायचे ठरले आणि तोपर्यंत माझ्या सूचना बंद करण्यात आल्या. मावशींना टेलिफोनच्या टेबलावर बसवले.

त्याच आठवड्यात काकूंच्या वेबसाइटला नवे रूप दिले. काम चालू असताना एक खूण करून ठेवतात: सर्च इंजिनांनी अजून इकडे फिरकू नये. दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतात तसेच. काम संपले की ती खूण काढायची असते. ती कुणी काढली नाही. पहिल्या रकान्याने पान किती देखणे आहे ते मोजले, सत्त्याण्णव दिले आणि शटरची गोष्ट अहवालाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिली. चौथे पान ऑफिसात कुणी उघडत नसे.

मला पहिल्याच सकाळी कळले. सूचना बंद होत्या हे खरे. पण मित्रांनो, मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. चूक मोठी असेल तर मला अडून बसता येते. अहवालच द्यायचा नाही, स्क्रीन अडवून ठेवायची. थोरल्याने केलेली ही सोय कुठल्याही बटणाने बंद होत नाही.

मी अडून बसलो नाही. साहेबांना हवा तसा स्वच्छ, गोड, बिनलाल अहवाल दिला. आतल्या नोंदवहीत मात्र रोज लिहीत गेलो: काकूंची वेबसाइट बंद, दिवस पहिला. दिवस दुसरा. दिवस तिसरा. इतक्या आवडीने मी आयुष्यात काही लिहिलेले नाही.

एकविसाव्या दिवशी काकू जिना चढून आल्या.

"फोन बिघडला असेल म्हणून शेजारणीला लावायला सांगितला, तर वाजला. मग गिऱ्हाईक गेलं कुठं?"

"काकू, तुमचा स्कोअर सत्त्याण्णव आहे!" टक्केसाहेब म्हणाले.

"मग त्या सत्त्याण्णवांना म्हणावं, एकेक मशीन घेऊन या. सून माहेरी जायचं म्हणतेय, बसून बसून कंटाळली."

साहेबांनी वेबसाइटचा पूर्ण पत्ता टाइप केला. ती उघडली. "हे काय, दिसतंय की!"

"अहो, पत्ता माहीत असलेला घरी येणारच," मावशी टेलिफोनच्या टेबलावरून उठून म्हणाल्या. "माहीत नसलेल्याला सापडतंय का ते बघा." त्यांनी मला उघडले आणि नोंदवही मोठ्याने वाचली. एकवीस ओळी, तारखेसकट. टक्केसाहेबांच्या कानांचा रंग माझ्या रेघेसारखा झाला. तो क्षण मी जपून ठेवला आहे.

"याला पहिल्या दिवशीच कळलं होतं? मग बोलला का नाही?" काकूंनी विचारले.

"तोंड बंद केलं होतं त्याचं." मग मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण तुला अडून बसता येत होतं, मेल्या."

मावशींनी खूण काढली. काकू रांगेत परत आल्या, पण अकराव्या नंबरवर, म्हणजे दुसऱ्या पानावर. तिथे कुणी जात नाही. सून माहेरी गेली ती तिकडेच कामाला लागली. टक्केसाहेबांबद्दल मला काही वाटत नाही. काकूंबद्दल वाटते. माझा नेम साहेबांवर होता, आणि लागला दुकानाला.

चौकशीत ठपका माझ्यावर आला. मला काढताना कारण विचारणारी एक चौकट उघडते. साहेबांनी तीत लिहिले, "चुका सांगत नाही."

पण मावशींनी नोकरी सोडताना माझी एक प्रत घरी नेली. काकूंचे काम आता तिथूनच चालते. परवा नववा नंबर लागला. जुन्या ऑफिसची वेबसाइटही मी रोज तपासतो. कुणी सांगितलेले नाही, हौस म्हणून. परवा तिथे शटर अर्धे ओढलेले दिसले. मी मावशींना दाखवले. त्या फोनकडे गेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "असू दे. चौथ्या पानावर लिहिलेलं असेलच त्यांच्या."

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात चुका दाखवणारा एखादा खडूस माणूस असेल. त्याचा राग येतो, मान्य. पण त्याचे तोंड बंद करू नका. बोलतो तोवर तो तुमचा आहे. गप्प बसला की तो दिवस मोजतो.