आप्पांच्या हयातीतली मिशी

गुरुनाथराव देवस्थळींच्या मिशीबद्दल अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात बरंच बोललं जायचं, आणि ते त्यांना आवडायचं. खोटं कशाला बोला, मिशी होतीच तशी. दाट, रुबाबदार, टोकांना किंचित वळलेली. मिशिगनच्या हिवाळ्यात तिच्यावर बर्फ साचायचा, तरी ती मान टाकायची नाही. पण आज, फ्लोरिडाच्या टोकापासून मैलोन्मैल समुद्रात आत, चहूकडे निळंशार पाणी आणि मूठभर बेटं अशा ठिकाणी, तिनेच घात केला होता.

पाण्याखालचं बघायला जो काचेचा मास्क लावतात, तो वरच्या ओठावर घट्ट बसावा लागतो. मिशीवर तो काही केल्या बसेना. डोकं पाण्यात घातलं की फटीतून खारं पाणी नाकात शिरायचं, आणि गुरुनाथराव बोटीच्या शिडीला लटकून खोकत राहायचे.

"बाबा, इट्स ओके," हिमानी म्हणाली. "मी खाली जाऊन व्हिडिओ काढते. तू वर बसून बघ."

हिमानी ही त्यांची एकुलती एक. ॲन आर्बरला कॉम्प्युटर शिकायला म्हणून गेली आणि पोवळ्यांची संशोधक होऊन बाहेर पडली. समुद्र तापून जिथली पोवळी मरतात, तिथे ती आणि तिचे सहकारी नवी लावतात, आपण गुलाबाची फांदी लावावी तशी. गुरुनाथरावांनी या उद्योगाला कायम 'फिश टँक' म्हटलं होतं. शेवटी यंदा तिनेच शिडाची बोट भाड्याने घेतली, शीड स्वतः सांभाळलं आणि आईबाबांना इथवर आणलं. इथे लावलेल्यातली बहुतेक पोवळी मागच्या उन्हाळ्यात पांढरी पडून मेली होती. एकच ताटवा तगला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो टिकेल याची तिला खात्री नव्हती. वारा फिरणार होता, त्याआधी परतायला हवं होतं. बघायचं तर आजच.

'इट्स ओके' हे तिचं जुनं. शाळेच्या कॉन्सर्टला बाबा ऑफिसातून पोचले नाहीत की ती असंच म्हणायची आणि लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. आत्ताही ती लगेच दोर आवरायला वळली.

"मिशीला व्हॅसलीन लावतात ना?" त्यांच्या पत्नीने, शैलजाताईंनी विचारलं.

"ते कारमध्ये राहिलं, आई."

"मग तूप लावू." वरणभातासाठी आणलेल्या साजूक तुपात बोटं बुडवून त्यांनी नवऱ्याची मिशी माखली. गुरुनाथराव पुन्हा पाण्यात उतरले. मास्कमध्ये पाणी शिरलंच, वर पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाभोवती गोळा झाले आणि मिशी कुरतडू लागले.

"आई, हा नॅशनल पार्क आहे, इथे फिशना खायला घालणं इल्लीगल आहे," हिमानी हसू दाबत म्हणाली.

"काढून टाका की मग," वर आलेल्या नवऱ्याला टॉवेल देत शैलजाताई हळूच म्हणाल्या.

गुरुनाथरावांचा हात मिशीकडे गेला. वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही, हा देवस्थळींच्या घरातला शिरस्ता. आणि सांगलीत नव्वदीचे आप्पा ठणठणीत होते. कॉलेजात गुरुनाथने फॅशन म्हणून एकदा मिशी उडवली, तर ती परत येईपर्यंत आप्पांनी अबोला धरला होता. विचारावं म्हटलं तर इथे फोनला रेंज नाही. गुरुनाथराव म्हणजे गाड्यांच्या ब्रेकची गणितं मांडण्यात जन्म गेलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत सांगणारा. पण मिशी काढायची म्हटल्यावर त्यांना सांगलीच्या घराचा जिना दिसला, आणि काठी टेकत तो उतरणारे आप्पा.

"आप्पांना काही झालं तर?"

शैलजाताई हसल्या नाहीत. "आप्पांचं जे व्हायचं ते तुमच्या मिशीला विचारून होणार नाही. पण पोरगी तिकडे तोच तोच दोर पुन्हा पुन्हा गुंडाळतेय."

गुरुनाथराव उठले आणि केबिनमधल्या इवल्याशा आरशासमोर उभे राहिले. रेझर हातात घेतला आणि मिशी काढली. उभ्या संसारात हा ओठ शैलजाताईंनी पाहिला नव्हता. "बरे दिसता," त्या म्हणाल्या. "थोडे परके वाटता, पण बरे."

हिमानीने त्यांच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्या मास्कचा पट्टा नीट केला, त्यांचा हात धरला आणि दोघं पाण्यात उतरली.

मास्कमध्ये एक थेंबही आला नाही. गुरुनाथरावांना वाटलं होतं, खाली रंगांची उधळण असेल. होत्या पोवळ्यांच्या मातकट, बोटभर काटक्या, मेलेल्या पांढऱ्या खडकावर. हिमानीने एका काटकीच्या टोकाकडे बोट दाखवलं, तिथे नखाएवढं फिकं, कोवळं काहीतरी वाढत होतं. मग पुढची दाखवली, मग त्यापुढची. एकही वगळली नाही. आपल्या मुलीने मेलेल्या समुद्रात हे जगवलं, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. फिश टँक म्हटल्याची लाज वाटली. त्यांनी तिचा हात घट्ट धरला, आणि पाण्याबाहेर येईपर्यंत सोडला नाही.

फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बंदराच्या धक्क्याला लागल्यावर फोन जिवंत झाला आणि पहिला व्हिडिओ कॉल सांगलीचाच आला. गुरुनाथरावांनी फोन असा धरला की फक्त कपाळ दिसावं.

"फोन खाली घे," आप्पा म्हणाले.

घेतला. गुरुनाथरावांनी घाईघाईने सगळं सांगितलं, मास्क, तूप, हिमानीची पोवळी.

"पोरीचं काम बघितलंस?"

"बघितलं, आप्पा. फार मोठं काम आहे."

"मग झालं तर." आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "म्हणजे मी गेल्यावर तू असा दिसणार."

"आप्पा, असं नका ना बोलू."

"अरे, कुठल्या बापाला हे बघायला मिळतं? जवळ घे फोन, नीट बघू दे." त्यांनी मुलाचा उघडा चेहरा डोळे भरून पाहिला. मग म्हणाले, "बघितलं. आता परत वाढव. मला अजून अवकाश आहे."