रिंकमागचा बर्फ

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, ओमेलला, सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. "स्नोमोबील चालवा, हरकत नाही, फक्त सावकाश. पण काही ढकलायचं नाही, उचलायचं नाही, ओढायचं नाही."

छातीच्या ऑपरेशनला तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. घरी येताना वाटेत ओमेल एवढंच म्हणाला, "चालवीन. पण आधी ती पिकअपवर चढवायची कुणी?"

मला कळलं तो कशाबद्दल बोलतोय. जानेवारीत जॉर्डनच्या सणाला, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, आमच्या चर्चच्या अंगणात बर्फाचा क्रूस उभा राहतो, आणि त्याच्यासमोर पाण्याला आशीर्वाद दिला जातो. त्या क्रूसाचा बर्फ वरच्या तळ्यातून येतो. आधी ओमेलचे वडील घोड्याच्या घसरगाडीवरून आणायचे, त्यांच्यानंतर ओमेल. एका स्नोमोबीलवर, बर्फावरच्या त्या मोटरसायकलीवर, तो पुढे, दुसरीवर मी, आणि माझ्यामागे बर्फाची लादी ठेवायची घसरगाडी. लग्न झाल्यापासूनचा हा नेम एकदाही चुकला नव्हता.

पण पिकअपच्या हौद्यात एकच गाडी मावते, तीही फाळक्याबाहेर शेपूट काढून. दुसरी मागच्या ट्रेलरवर. जंगलातल्या चढावर ट्रेलर घसरला की दोघांनी उतरून ढकलायचा, गाडी अडकली की उचलायची. म्हणजे डॉक्टरांनी नाही म्हटलेलं सगळं तिथे करायचं.

"यंदा चर्चमधली पोरं आणतील की," फादर ल्युबोमिर मायेने म्हणाले. ओमेलने मान डोलावली. त्या दिवसापासून तो खिडकीशी बसू लागला, हात मांडीवर ठेवून, सूपमध्ये बुडवलेला चमचा तसाच विसरून. मी रोजच्या जपात एक मणी वाढवला. मागणं एकच होतं, याला वर जाऊ दे.

शेवटी मी शेजारच्या हाल्वरला गाठलं. तो लाकडाच्या ट्रकांचं वेल्डिंग करतो. मी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे त्याला मशीन बंद करावं लागलं.

"दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील असा डेक हवाय," मी म्हटलं. "हौद्याच्या वर. आणि उचलावं न लागता थेट चालवत वर जाता आलं पाहिजे."

"ओमेलनं पाठवलं?"

"नाही. देवानं पाठवलं असं समज."

"मग घासाघीस करता येणार नाही," हाल्वर म्हणाला आणि गज शोधायला उठला.

महिनाभर त्याच्या शेडमध्ये काम चाललं. जुन्या घसरगाडीचे चौकोनी पाइप, त्यावर जाड प्लायवूड. मी पाइप धरायचे, भोकं पाडायचे, गंज घासायचे. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस होते, म्हणून जेवणात उकडलेले बटाटे आणि कोबी. हाल्वर कुरकुरत खायचा आणि पुन्हा मागून घ्यायचा. ओमेलला आम्ही घोंगडी पांघरून खुर्चीत बसवलं होतं.

"तिथं तिरका टेकू दे," तो खुर्चीतून म्हणायचा.

"टाके छातीला घातलेत की काय? मला वाटलं, तोंडाला घालतील," हाल्वर म्हणायचा.

"टेकू नाही दिलास तर वळणावर दोन्ही गाड्या तुझ्या अंगणात येतील."

टेकू दिला गेला. गाडीच्या पुढच्या दोन स्की सहज सरकाव्यात म्हणून हॉकीच्या रिंकच्या कठड्याचे काढून टाकलेले पांढरे प्लास्टिकचे तक्ते त्या जागी ठोकले. ते ओमेलनेच मागवून घेतले. तो आयुष्यभर आमच्या परसामागच्या त्या रिंकवर, बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, कामाला होता, बर्फ खरवडून गुळगुळीत करायचं मशीन चालवायचा. पण मधल्या भागात, जिथे गाडीचा फिरता पट्टा येतो, तिथे प्लास्टिक नको, आडव्या लाकडी पट्ट्या हव्यात, असा त्याने हट्ट धरला. "पट्टा जागच्या जागी फिरला की माणूस घाबरतो आणि जोर देतो. मग गाडी थेट केबिनच्या काचेत." ते ऐकून हाल्वरने केबिनमागे लोखंडी आडवा दांडाही जोडला.

"आणि चढायचा उतार?" मी विचारलं.

दोघंही हसले. "स्तेफा, जानेवारीत इथे उतार कोण बांधतं?" ओमेल म्हणाला. खरंच होतं. रस्ता साफ करणारी गाडी आमच्याकडे दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे बांध लावून जाते. पिकअप मागे घेऊन बांधाला टेकवायची आणि बांधावरून सरळ डेकवर. गावात सगळे तसंच करतात. मीही हसले.

सणाच्या आठवड्यात उबदार वारा सुटला आणि पाऊस पडला. पडतच राहिला. डोंगरावर बर्फ दाट होता, पण खाली दरीत काळा रस्ता आणि पिवळं गवत. बांध वाहून गेले.

निघायच्या दिवशी सकाळी माझी स्तोत्रं संपवून मी बाहेर आले, तर पिकअप उभी, डेक तयार, दोन्ही स्नोमोबीली ओल्या गवतावर, आणि मध्ये नुसती हवा. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बर्फ खाली आला पाहिजे होता, रात्रीतून क्रूस कोरायचा होता.

हाल्वरने एक शिवी हासडली, मग माझ्याकडे बघून टोपी काढली. "माफ कर, स्तेफा."

"असू दे. माझ्याही मनात तीच आली."

"फळ्या लावू?" तो म्हणाला.

"वाकतील. आणि घसरलो तर सावरायला जोर लावावा लागेल," ओमेल म्हणाला.

"मग चार जणांना बोलावतो. गाड्या उचलून ठेवतो."

ओमेलने त्याच्याकडे बघितलं. "मग मलाही उचलून ठेवा. सामान म्हणून." आणि तो वळून घराकडे चालू लागला. आता हा खिडकीशी बसला की उठणार नाही, असं मला वाटलं.

पायरीवर त्याने दाराला हात घातला आणि तेवढ्यात आमच्या परसामागून आवाज आला, ओला, जड, धप्प. रिंकच्या मशीनने खरवडलेला बर्फ मागच्या आवारात ओतला होता. तो आवाज मला ऐकूही येईनासा झाला होता, रोजचाच. ओमेल मात्र दाराशी थबकला.

"स्तेफा," तो म्हणाला, "किल्ली आण."

कुंपणापलीकडे तो ढीग होता. हिवाळाभर साठलेला, पावसाने दबून कडक झालेला, घराच्या छपराशी स्पर्धा करणारा. मशीनवर जोलीन होती. तिला ओमेलनेच शिकवलं होतं.

"किती उंच हवाय, बॉस?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"माझ्या कमरेएवढा. मागून हळूहळू चढत आलेला. कडा सपाट."

तिने आत जाऊन ताजा बर्फ खरवडून आणला आणि ढिगाच्या कडेला ओतला. आम्ही फावड्यांनी चोपला. म्हणजे मी आणि हाल्वरने. ओमेल काठीने रेघ मारून दाखवत होता.

"म्हणजे आयुष्यभर इथे कचराच टाकत होतास तर," हाल्वर धापा टाकत म्हणाला.

"गप रे. बचत करत होतो."

पिकअप मागे घेऊन टेकवली. ओमेल स्नोमोबीलवर बसला. ओल्या गवतावरून कुरकुरत गाडी ढिगावर चढली. मी डेकच्या मधल्या पट्ट्यांकडे बघत होते. गाडीच्या पट्ट्याने लाकूड पकडलं. गाडी सरकली, पुढे आली, आणि लोखंडी दांड्याच्या वीतभर अलीकडे थांबली. ओमेलने इंजिन बंद केलं. वरूनच त्याने बाजूची रिकामी जागा हाताने थोपटली, जशी बाकावर माझ्यासाठी थोपटतो तशी.

मी क्रूसाची खूण केली आणि माझी गाडी चढवली.

तळ्यावर त्याने करवत हातात घेतली नाही. पोरांनी बर्फ कापला, त्यांनीच लादी घसरगाडीवर चढवली. ओमेलने फक्त कुठे कापायचं ते दाखवलं, टाचेने ठोकून, कान देऊन. बर्फ निळसर आणि स्वच्छ निघाला.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या क्रूसासमोर आशीर्वाद दिलेलं पाणी शिंपडत फादर ल्युबोमिर घराघरांतून फिरले. आमच्या अंगणात ते पिकअपपाशी थांबले आणि डेकवरही त्यांनी भरपूर शिंपडलं. "गंजेल, फादर!" हाल्वर कुंपणावरून ओरडला. त्यांनी मग त्याच्यावरही शिंपडलं.

माझं मागणं पुरं झालं होतं, पण वाढवलेला मणी मी कमी केला नाही. आता त्यावर हाल्वरचं नाव घेते, जोलीनचं घेते. आणि परसामागे धप्प आवाज झाला की जप थांबवून जरा ऐकते.