पारंबीखालची फरशी

मित्रांनो, मी एक जुना वड आहे आणि सध्या मी भयंकर रागात आहे. झाडं शांत असतात, सावली देतात, कुणावर रागावत नाहीत, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या अंगात कुणी जाहिरातीचे खिळे ठोकले नसावेत.

जळोचीच्या बाजूला, बारामती शहर वाढत वाढत जिथवर आलं आहे, तिथली जुनी राई हे माझं घर. भोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी राई वाचली. कारण इथं एक रिवाज होता, राईत लोखंड न्यायचं नाही. ऊस तोडून दमलेली माणसंसुद्धा कोयता बाहेरच्या दगडावर ठेवत आणि मगच सावलीत येऊन भाकरी सोडत. म्हणून तर आज तुम्हाला इथं चिंचा मिळतात, कार्तिकात आवळीखाली पंगती बसतात, आणि नशीब असेल तर माझी लाल फळं खाणारा धनेश पक्षी दिसतो. उन्हाळ्यात बाहेर डांबर पाघळतं, तेव्हा इथं पायाखाली गार माती लागते. लागायची, असं म्हणायला हवं.

शेजारीच कुशाबाईचा भाजीचा मळा होता. वडाच्या फांद्या पसरतात तशा जड होतात आणि त्यांना खालून आधार लागतो. तो आधार म्हणजे पारंब्या. पण कोवळी पारंबी गुरं खातात, पोरं ओढतात. म्हणून कुशाबाई एक पोकळ बांबू उभा करायची, त्यात माती आणि शेण भरायची आणि पारंबीचं टोक आत सोडायची. पारंबी आतल्या आत वाढत जमिनीत शिरायची आणि पुढे तिचा खांब व्हायचा. माझ्या पश्चिमेकडच्या फांद्या आज अशाच खांबांवर उभ्या आहेत. पूर्वेकडची थोरली फांदी मात्र अधांतरीच राहिली, आणि कुशाबाई गेली.

पुढे राईची बाग झाली आणि कुशाबाईचा मुलगा सर्जेराव बाग समितीचा अध्यक्ष झाला. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो! त्याचा आईवर जीव होता, माझ्यावरही होता. म्हणून त्यानं आईच्या स्मरणार्थ मला पार बांधून दिला. बुंध्यापासून थेट मुलांच्या झोपाळ्यापर्यंत गुळगुळीत ग्रॅनाइट, मधोमध कुशाबाईचं नाव. नारळ फुटला, पेढे वाटले. पाणी मुरायला वीतभर जागा ठेवावी, एवढंही कुणाला सुचलं नाही. फिरायला येणाऱ्यांच्या डोक्याला लागतात म्हणून पूर्वेकडच्या पारंब्या करवतीनं उडवल्या. लोखंड बाहेर ठेवायचा रिवाज त्या दिवशी कुणाला आठवला नाही. माझे पाय कापले आणि त्याला सुशोभीकरण म्हणाले! वटपौर्णिमेला माझ्याकडे सात जन्म मागतात, आणि मला हा एकच जन्म धड जगू देत नाहीत.

एक पारंबी तेवढी पानांत लपून वाचली. ती वाढत खाली आली आणि नेमकी कुशाबाईच्या नावावर येऊन थांबली. खाली दगड, जाणार कुठं?

सर्जेरावाची सून राजेश्वरी रोज संध्याकाळी मुलीला, मोनाला, झोपाळ्यावर घेऊन येते. झोपाळा त्याच पूर्वेकडच्या फांदीखाली आहे. पूर्वी उडी मारूनही हाताला न लागणारी डहाळी आता मोनाच्या केसांत अडकते, हे तिच्या लक्षात आलं. तिनं सासऱ्याला आणून दाखवलं.

"आबा, फांदी खाली बसलीय. ह्या एका पारंबीला तरी जमिनीत जाऊ द्या. ही फरशी काढायला लागंल."

"त्यावर आईचं नाव हाय. आईच्या नावावर घण घालू व्हय मी?"

"नाव दुसरीकडं बसवता येतंय की."

"लोक म्हणतील, आईचा दगड पोरानंच फोडला."

"आन् फांदी झोपाळ्यावर आली, मग काय म्हणतील?"

सर्जेरावानं हात वर करून खाली आलेली डहाळी चाचपली. मला वाटलं, उमजलं याला. दुसऱ्या दिवशी तो एक कुंडी घेऊन आला! भगव्या रंगाची, सिमेंटची. ती त्यानं ग्रॅनाइटवर ठेवली. नावाची अक्षरं झाकू नयेत म्हणून माझी पारंबी ओढून बाजूला घेतली आणि तिचं टोक कुंडीतल्या मातीत खुपसलं.

"बघ सूनबाई, आईचं नाव बी राहिलं आन् वडाची सोय बी झाली."

समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंडीला हार घातला, फोटो काढले. अरे, ज्याच्या सावलीत अख्खी पंगत बसते, त्याला तुम्ही तुळशीसारखं कुंडीत लावता?

राजेश्वरीनं टाळी वाजवली नाही. "आबा, घराचा खांब कुंडीत उभा करताल का तुमी?"

"बघू पावसाळा झाल्यावर," सर्जेराव म्हणाला.

तिनं मोनाला झोपाळ्यावरून उतरवलं आणि घरी नेलं. झोपाळा रिकामा झालेला पाहून बाकीची मुलं धावली.

मित्रांनो, इतकी वर्षं मी तुम्हाला या, या म्हणत आलो. आता मात्र नीट ऐका. राईत या, चिंचा पाडा, धनेश शोधा, पण माझ्या पूर्वेकडच्या फांदीखाली येऊ नका. घरी जाऊन आपल्या आबांना, तात्यांना सांगा की वडाला हार नको, दोरा नको. त्याच्या पायाखालची फरशी फोडा, माती मोकळी करा. अंगात जोर आहे तोवर ही फांदी मी धरून ठेवीन, पण तो जोर आता रोज कमी होतो आहे. ती कोसळली तर लोक मलाच धोकादायक ठरवतील आणि तोडून टाकतील. ते मी सोसेन. पण तेव्हा खाली तुम्ही असलात, तर ते मला सोसवणार नाही.