मापाचा ओटा

"जित्या माणसाले सुतळी लावत नसतात, वैजनाथ! माह्या तिरडीचं माप घेतं का बे?"

अंबूबाई अशी कडाडली, की वैजनाथ गवंडी सुतळी हातात धरून दोन पावलं मागंच सरकला. परसात चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. एका बाजूला काळ्या दगडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला तलावातल्या गाळाची ट्रॉली, आणि मधे ही बुढी कमरेवर हात ठेवून उभी.

"काकू, ओटा उभ्यानं काम करायचा हाय ना? मंग तुमच्या उंचीची निम्मी घडी पाह्यजे. अंदाजानं कसा बांधू मी?"

"काई कर. पन सुतळी मेल्यावरच लावजो."

ओट्याचं खूळ तिच्या नवऱ्याचं, महादेवरावांचं. अंबूबाईची परसबाग म्हणजे डोणगावच्या बाजारात जुडी बांधून मिरवावी अशी मेथी, वांगी, कोथिंबीर. पण गेल्या पावसाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं तर उठता येईना, आणि चिखलात वाकलं की कंबर धरून यायची. डॉक्टरनं खाली बसायचं कायमचं बंद केलं. त्या दिवशी बुढी वाफ्याकडे पाठ करून रडली. महादेवराव जन्मात बायकोच्या रडण्यानं विरघळले नव्हते, त्या दिवशी विरघळले. मातीच वर आणतो, म्हणाले.

आता घोडं मापापाशी अडलं. महादेवराव बाजेवरून उठले. गडी सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायची हौस भारी.

"मले इचार ना. पंचेचाळीस वर्षं संसार केला, बायकोची उंची मले माईत नाई? लग्नात माह्या खांद्याले लागे. माह्या कमरेच्या चार बोटं खाली ठेव. लाव दगड!"

वैजनाथनं काकूंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पाया आखला. लग्नात खांद्याला लागणारी ती नवरी निंदता-निंदता, पाणी भरता-भरता केव्हाच आटली होती. पण हे पाहायचं, तर आधी माणसानं बायकोकडे नीट पाहावं लागतं.

आठ दिवसांत ओटा उभा राहिला. तळाशी तुराट्या, त्यावर शेणखत, वर गाळाची माती. दोन्ही बाजूंनी हात पोचावा एवढीच रुंदी. महादेवरावांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला.

"काऊन वं, कसा झाला?"

अंबूबाईनं ओट्याच्या काठावर हात ठेवला. काठ पार बरगड्यांशी आला होता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. एवढं फुललेलं तोंड तिनं पोरगा, शेखर, झाला तेव्हाच काय ते पाहिलं होतं.

"मापात झाला," ती म्हणाली.

पावसाळा लागला, मेथी हिरवीगार आली. महादेवरावांनी पुण्याला शेखरला फोटो पाठवला. ओट्यामागं आई उभी, हातात जुडी, काठ बरोबर कमरेशी. "पाह्य तुह्या बापाचा अंदाज!" असं फोनवर सांगताना त्यांचा आवाज शेजारणीच्या, कोकिळेच्या, घरापर्यंत गेला.

श्रावणात अंबूबाई ओट्यामागं पडली. चिखलात पाय घसरला, असं तिनंच सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं. मेहकरला नेलं, तिथून पुढं नेलं, शेवटी परत घरी आणलं. तीन आठवडे बाजेवर पडून ती रोज एकच विचारायची, "मेथीले पानी देल्लं का?" पोळा झाला आणि चौथ्या दिवशी बुढी गेली.

अंगणात बांबू आले. वैजनाथनंच सुतळी काढली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. आता तिनं नाही म्हटलं नाही. बांबू तोडून झाल्यावर त्यानं सुतळी बाजूला टाकली, तशी महादेवरावांनी ती उचलून बंडीच्या खिशात घातली.

"काका, ते घरात ठेवत नसतात."

"राहू दे."

तेरावं झालं, शेखर पुण्याला परतला, घर गप्प झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव सुतळी घेऊन परसात गेले. दुमडून निम्मी केली, एक टोक जमिनीला टेकवलं आणि दगडाला लावून वर नेली. घडी काठाच्या वीतभर खालीच संपली.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग ती पडल्यापासून पहिल्यांदाच ते ओट्याच्या मागच्या बाजूला गेले. तिथं चिखलात जेवायचा जुना पाट रुतला होता. त्याचा एक पाय मोडला होता.

कुंपणापलीकडून कोकिळेनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"काका, काकू त्याच्यावर उभ्या राहून काम करत. त्याच्यावरूनच पडल्या. मले शपथ घातली होती."

"काऊन? मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"म्हनत, बुढ्यानं जन्मात पयल्यांदा माह्यासाठी काई केलं. त्याले कमी कसं दाखवू?"

महादेवराव ओट्याला टेकून मटकन खाली बसले. आपल्याच हातानं आपण तिला त्या पाटावर चढवलं, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं. खिशातला फोन काढून त्यांनी तो फोटो पाहिला. काठ बरोबर कमरेशी होता. ते लहान मुलासारखे रडले आणि कोकिळा कुंपणाशी तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार घेतली. वरची माती घमेल्यानं उपसली आणि दगडाचे दोन थर काढले. गल्लीतले म्हणाले, बैल गेला अन् झोपा केला. वैजनाथ धावत आला.

"काका, आता कोनासाठी? तुमाले तर हा लई बुटका होईन."

"होऊ दे."

सुतळीची घडी काठाशी बरोबर जुळली, तेव्हाच ते थांबले. मग मेथी टाकायला वाकले. खूप वाकावं लागलं. दोन ओळी होईतो कंबर धरून आली, पण त्यांनी पूर्ण वाफा टाकला, पाणी दिलं आणि काठाला हात लावून कसेबसे सरळ झाले.

"काऊन वं, आता कसा झाला?" त्यांनी विचारलं.

मग संध्याकाळ होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.